काचेवरचा भाता

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होतो. पण विकांत आला की कधी झोप, कधी कपडे धुणं, कधी हापिसातून "जरा पाच मिनिटं लॉगिन करतोस का?" असा फोन. (ती पाच मिनिटं म्हणजे शनिवार गेला असं समजावं.) काल गावाहून पुण्याला परत आलोय, बॅग अजून उघडलेली नाही आणि डोक्यात टाळ वाजतायत. तेव्हा आता लिहूनच टाकतो.

विषय तसा तांत्रिक आहे. टॅबलेटच्या काचेवर बोट फिरवून लॅपटॉपमधलं संगीताचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं, हा. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालेल, पुढे माणसं आहेत. :)

आमचं गाव वारंगा फाटा. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली (१ मे १९९९ च्या आधी जन्मलेल्यांसाठी परभणी). नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूरच्या केळी मागे टाकल्यावर जिथं उजवीकडे हदगाव-उमरखेड-यवतमाळ-नागपूरचा रस्ता फुटतो, तो आमचा फाटा. आता इथं १६१ आणि ३६१ असे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात. बाहेरच्या लोकांना आमचं गाव खिचडीमुळे माहीत असतं. गाडी थांबवून खातात, हात धुतात, पुढं जातात. ट्रक मात्र थांबत नाहीत. रात्री दोनलाही हॉर्न असतोच. रेकॉर्डिंग करायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

आमचे बाबा शेतकरी. पण गावात त्यांची ओळख पेटीवाले म्हणून. भजनी मंडळात तीसेक वर्षं पेटी वाजवली. शिकले कुणाकडे नाहीत. सप्ताहात बसून, बघून, मार खाऊन आली तेवढी. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. वाचा वाचली, पाय बऱ्यापैकी सावरला, पण उजवा हात गेला तो गेलाच. अगदी लुळा नाही, पण बोटं आत वळलेली असतात आणि सांगितलेलं ऐकत नाहीत. नांदेडच्या डॉक्टरांनी पिळायला एक रबरी चेंडू दिलाय. तो चेंडू आता शेजारच्या पोरांच्या क्रिकेटमध्ये असतो.

पेटीवर आईने जुनं लुगडं टाकून ठेवलंय. बाबा त्याविषयी कधी काही बोलले नाहीत. फक्त मंडळात जायचं बंद केलं. "ऐकायला तरी जा" म्हटलं की म्हणायचे, "नुसतं ऐकायला कामून जाऊ? हात खाजवतो."

यंदा मंडळातले एक टाळकरी आजोबा वारले. त्यांना येत असलेल्या दोन चाली त्यांच्याबरोबरच गेल्या, कारण कुणाला पूर्ण आठवेनात. आमच्या जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव. त्यामुळे नामदेवांचे अभंग आमच्याकडे घरचे असल्यासारखे म्हटले जातात, आणि पुस्तकात अभंग सापडतो पण चाल सापडत नाही. तेव्हा मी ठरवलं की उरलेल्या चाली नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या. मोबाईलवर नाही, चार माईक लावून, चार वेगळ्या ट्रॅकवर.

सामान काय होतं? हापिसातून आल्यावर गेम खेळायला घेतलेला माझा लॅपटॉप. पुण्यात सेकंड हँड मिळालेला चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस. चार माईक, त्यातले दोन मित्राचे. सॉफ्टवेअर रीपर. (ज्या जस्टिन फ्रँकेलने विनॲम्प लिहिला त्याचंच हे पुढचं बाळ, २००५ सालचं. साठ दिवस फुकट वापरून बघा, मग घरगुती लायसन साठ डॉलरला. मी घेतलंय, उगाच शंका नको.) आणि स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली, जिथं हळदीची पोती रचलेली होती. भाव वाढेल म्हणून बाबांनी हळद थांबवून ठेवली होती. तीन भिंतींना छातीपर्यंत पोती, चौथ्या भिंतीला आईच्या गोधड्या. टाळी वाजवली तर आवाज जागच्या जागी मरायचा. लोक पुण्यात त्यासाठी फोमच्या लाद्या विकत घेतात. आमच्याकडे फक्त सगळ्यांच्या सदऱ्यांना हळदीचा वास लागला.

तीन रात्रीत नऊ अभंग झाले. पेटीवर मंडळातला नवा पोरगा होता, अकरावीत आहे. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते, आत आले नाहीत. एका अभंगात मध्येच ट्रकचा हॉर्न आला, तो साधारण काळी चारच्या आसपास होता आणि भजन काळी एकमध्ये. पखवाजवाल्या काकांनी "आमचा पंचम लावला बघ" म्हणून हात न थांबवता हसून घेतलं.

आता खरी कल्पना वेगळीच होती, ती सांगतो. बहिणीच्या ऑनलाइन शाळेसाठी २०२० साली घेतलेला एक अँड्रॉइड टॅबलेट घरात पडून होता. मला वाटलं, बाबांना त्याच्यावरच पेटी देऊ. पट्ट्या काचेवर, आवाज लॅपटॉपमधून. भाता मारायला नको, म्हणजे डावा हात मोकळा झाला, उजव्या हाताचं काम डाव्याने करतील! मला तर ही कल्पना इतकी थोर वाटली होती की बसमध्ये झोप आली नव्हती.

बाबांनी डाव्या हाताने सा लावला. एक क्षण गेला आणि मग सा वाजला. बोट काचेला लागलंय हे टॅबलेटला कळणार, मग ते वाय-फायवरून लॅपटॉपला कळणार, मग लॅपटॉप आवाजाची पुडी बांधून स्पीकरला देणार. २५६ सँपलची एक पुडी म्हणजे जवळजवळ ६ मिलिसेकंद, तेवढं चालतं. पण बाकीची वरात मिळून उशीर कानाला कळण्याइतका झाला. शिवाय काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या बोटाला सारख्याच लागतात. बाबा डोळे मिटून वाजवणारे. काचेवर डोळे मिटले की संपलं. त्यांनी चार सूर लावले, पाचवा चुकला आणि टॅबलेट माझ्याकडे सरकवला. "चांगलं हाय. लेकरांला खेळाया देजो."

मला वाईट वाटलं हे खरं. पण पेटीचाही इतिहास काही सरळ नाही. पट्ट्यांचं हे वाद्य आपल्याकडे युरोपातून आलं. पट्ट्या ठरलेल्या, म्हणून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप मोठमोठ्या लोकांनी घेतला आणि ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदीच घातली. ती उठायला १९७१ साल उजाडलं, तेही सगळी एकदम नाही. तोवर गावोगावच्या मंडळांनी पेटी कधीच आपली करून टाकली होती. ज्या वाद्यात मींड नाही त्यात लोकांनी भात्याने जीव आणला. हे वाक्य मी तेव्हा नुसतंच मनात म्हटलं. त्याचा अर्थ महिनाभराने कळला.

नंतर मिक्सिंग सुरू झालं. पुढच्या फेरीत मी लॅपटॉप उघडून बसलो आणि बाबा शेजारी येऊन बसले. (आत आले, हे आईने मला डोळ्याने दाखवलं.) मी माऊसने एक फेडर ओढायचो, बाबा म्हणायचे "टाळ दाबा". मी टाळ कमी करेपर्यंत ती जागा निघून गेलेली. "आता पेटी वर... गेली. आता नको." मग परत मागून लावा. माऊसची अडचण अशी की तो एका वेळी एकाच गोष्टीला हात लावतो. चार माणसं एकत्र गातायत-वाजवतायत आणि मी एकेकाला चिमटीत धरून हलवतोय. दोन तासात एक कडवं झालं. त्यात स्क्रीनवर सगळं इंग्रजी, बारीक अक्षर, शंभर बटणं. बाबांना नेमकं काय हवंय ते त्यांच्या कानाला माहीत होतं, आणि ते करणारा हात माझा होता. ड्रायव्हरला रस्ता माहीत नाही आणि रस्ता माहीत असलेला मागच्या सीटवर, अशातला प्रकार.

तेव्हा टॅबलेट परत बाहेर काढला. यावेळी पट्ट्या नाही, फेडर.

आता तांत्रिक भाग. संगीताची यंत्रं एकमेकांशी बोलतात त्या जुन्या भाषेचं नाव मिडी, १९८३ सालची. तिच्यात फेडरची किंमत साधारणपणे ० ते १२७ अशा १२८ पायऱ्यांत जाते. जिना चढल्यासारखं. दुसरी भाषा ओएससी, म्हणजे ओपन साउंड कंट्रोल. ती १९९७ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी केली. तिच्यात निरोप पत्त्यासारखा असतो: अमुक ट्रॅक, त्याचा आवाज, किंमत शून्य पूर्णांक सात दोन. पायऱ्या जवळजवळ नाहीतच, उतार आहे. आणि ती साध्या नेटवर्कवरून जाते, वेगळी वायर नको. काचेवरून संगीत चालवायची हौसही नवी नाही. आयपॅड २०१० मध्ये आला, त्याच्या आधीच फ्रान्समधल्या जॅझम्युटंट कंपनीचं लेमूर नावाचं अनेक बोटं ओळखणारं यंत्र होतं, आणि बियॉर्कच्या २००७ च्या दौऱ्यात ते स्टेजवर होतं. मग २००८ मध्ये आयफोनसाठी टचओएससी नावाचं ॲप आलं. २०२१ मध्ये ते नव्याने लिहिलं गेलं आणि अँड्रॉइडवरही चालतं. ज्याला जसे हवेत तसे फेडर आणि बटणं काढून घेता येतात. मी तेच वापरलं.

जोडणी म्हणाल तर सोपी. लॅपटॉप आणि टॅबलेट एकाच वाय-फायवर हवेत; इंटरनेट लागत नाही, मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो. रीपरच्या सेटिंगमध्ये ओएससीचं नवं उपकरण जोडायचं, टॅबलेटचा आयपी पत्ता द्यायचा, एक पोर्ट जायचा आणि एक यायचा. झालं. दहा मिनिटांचं काम. मला दोन रात्री लागल्या. टॅबलेटवर फेडर हलतोय, लॅपटॉप ढिम्म. पोर्ट उलटसुलट करून पाहिले, ॲप काढून परत टाकलं. शेवटी कळलं, विंडोजची फायरवॉल दारातच निरोप परत पाठवत होती. आणि मी हापिसात नेटवर्कचंच काम करतो हो. कुणाला सांगू नका.

दुसरी गंमत अशी, की हे निरोप यूडीपीने जातात. म्हणजे पोस्टकार्ड, टाकलं की विसरलं, पोचपावती नाही. फेडर हलवताना सेकंदाला डझनावारी पोस्टकार्डं जातात, एखादं हरवलं तर पुढचं येतंच. पण शेवटचंच हरवलं तर? टॅबलेटवर फेडर खाली, लॅपटॉपवर थोडा वरच. म्हणून रीपरकडून टॅबलेटला उलट निरोपही चालू ठेवायचे, म्हणजे खरी किंमत काय ती काचेवर दिसते. लाईट गेली की राउटर जायचा, आणि परत आला की नवा आयपी पत्ता घेऊन यायचा. तोही ठरवून टाकला, तेव्हा शांतता झाली.

मग मी मोठ्या अभिमानाने बाबांसमोर टॅबलेट ठेवला. सोळा फेडर, प्रत्येकावर म्यूट, सोलो, तीन-तीन गोल बटणं, रंगीत मीटर. बाबांनी बराच वेळ पाहिलं.

"हे कोन्या मानसासाठी केलंस?"

प्रश्न बरोबर होता. मी माझ्यासाठी केलं होतं. सगळं पुसलं. चार फेडर, एक सुरू-बंदचं बटण. खाली मेडिकलची पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने लिहिलं: पेटी, पखवाज, टाळ, आवाज. (स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरवरही लोक टेप लावून असंच लिहितात, तेव्हा ही काही फाट्यावरची पद्धत नव्हे.)

पहिलं बोट ठेवलं आणि पखवाज खोलीत फुटला. रात्रीचे साडेदहा. फेडरला जिथं बोट लागेल तिथं किंमत उडी मारून जाते, आणि बोट लागलं होतं अगदी वर. आई आतून "काय पडलं?" म्हणून धावत आली. टचओएससीमध्ये याला तोड आहे: फेडर सापेक्ष करायचा. म्हणजे बोट कुठंही टेकलं तरी उडी नाही, तिथून जेवढं सरकेल तेवढंच सरकणार. लकव्याच्या माणसासाठी हा एक खटका म्हणजे अर्धं काम आहे. बोट नेमक्या ठिपक्यावर टेकायची गरजच उरत नाही.

दुसरी अडचण उजव्या हाताची. बाबांनी हौसेने उजवं बोट टाळाच्या फेडरवर ठेवलं, आणि काही झालं नाही. परत ठेवलं. नाही. मग बोट उचलून स्वतःकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, "मशीनला बी हे मेलेलंच वाटायलंय."

मला काही सुचेना. मी उगाच ॲप बंद करून सुरू केलं. मग बहीण म्हणाली, "दादा, नख लागतंय." बोटं आत वळलेली असल्यामुळे काचेला आधी नख टेकत होतं. ही काच दाब ओळखत नाही. तिच्यावर विजेचं अगदी हलकं क्षेत्र असतं आणि कातडी जवळ आली की ते बदलतं; तेवढंच तिला कळतं. नखाला ती ओळखत नाही, मग ते कुणाचंही असो. बहिणीने नेलकटर आणलं. मी पोथीचं लाकडी स्टँड आणून त्यावर टॅबलेट तिरका ठेवला, म्हणजे बोट वळलेलं असलं तरी मांसल भाग काचेला लागावा. टाळ सरकला. अर्ध्या बोटाइतकाच, पण सरकला. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढची पाच मिनिटं तोच एक फेडर खालीवर करत बसले.

तिसरी अडचण म्हणजे डोळे. बाबा ऐकायला लागले की डोळे मिटतात, आणि मिटले की बोट पेटीवरून पखवाजावर घसरतं. खऱ्या फेडरला खाच असते, टोपी असते, बोटाला घर सापडतं. काच म्हणजे सपाट माळ. यावर उपाय आईचा. तिने गोधडीचा जाड दोरा आणून चार फेडरच्या मध्ये तीन उभे तुकडे ताणून धरले, मी वर पारदर्शक टेप लावला. बांधावर पाय लागला की शेत संपलं कळतं, तसं. टेपच्या पातळ थरातून बोट ओळखायला काचेला काही अडचण नसते. एवढं सॉफ्टवेअर, एवढी पोस्टकार्डं, आणि शेवटी काम झालं गोधडीच्या दोऱ्याने.

मग एका रात्री बाबांनी पहिला अभंग सलग मिक्स केला.

मी माझा मिक्स आधी करून ठेवला होता. व्हिडिओ बघून शिकलेला: आवाज पुढे, पेटी मागे, टाळ अगदी बारीक. नीटनेटका. बाबांनी ऐकला आणि म्हणाले, "ह्यात मंडळ कुठंय? एकटाच मानूस गायलाय." टाळ कमी करूनही कमी होत नव्हते, ते मलाही जाणवलं होतं. एकाच खोलीत सगळे बसले की टाळ चारही माईकमध्ये शिरतात. मी ती गळती म्हणून झगडत होतो. बाबांनी ती सोडूनच दिली. "टाळ सगळ्यायच्यात असतेतच. ते कमी कामून करायचे?" उजव्या बोटाने त्यांनी टाळाचा फेडर धरून ठेवला, फक्त ध्रुपदाला किंचित वर.

आणि डावा हात पेटीवर. तिथं मी बघतच राहिलो. तो हात फेडर "लावून ठेवत" नव्हता. सतत हलत होता, मंद, श्वासासारखा. ओळ संपायच्या आधी पेटी हळूच वर येत होती, गाणारा श्वास घेतोय ती जागा भरत होती, आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत खाली जात होती. मला थोड्या वेळाने उमगलं, की हे मी आयुष्यभर पाहत आलोय. हा भाता आहे. पेटीवर उजव्या हाताची बोटं सगळे बघतात, पण आवाज लहान-मोठा करतो तो डावा हात. मी बाबांना काचेवर पट्ट्या द्यायला निघालो होतो. त्यांचा जो हात शाबूत होता त्याचं काम पट्ट्यांचं कधी नव्हतंच.

पेटीवरचा पोरगा चांगला आहे, पण एकसारखा वाजवतो. बाबांच्या शब्दात, "पोराला वाजवता येतंय, थांबता येत न्हाई." त्या रात्री बाबांनी त्याच्या वाजवण्यात थांबे घातले.

आता माझी चूक सांगतो, ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. रीपर फेडरची हालचाल लिहून ठेवतो, त्याला ऑटोमेशन म्हणतात. मी लॅच मोड लावला होता, म्हणजे बोट हललं तेव्हापासून शेवटपर्यंतची रेघ उमटते. दुसऱ्या दिवशी ती रेघ पाहिली. डाव्या हाताची सुद्धा काही सरळ नव्हती, आणि उजव्या बोटाची तर थरथर स्पष्ट दिसत होती, बारीक दातांची करवत जशी. हापिसची सवय, डेटा खराब दिसला की साफ करायचा. ठिपके कमी करायची आज्ञा असते, ती दोन्ही रेघांना चालवली. रेघा छान गोलसर झाल्या. थरथर इतकी बारीक होती की कानाला फरक पडणारच नव्हता. बाबांना सांगायचीही गरज वाटली नाही.

संध्याकाळी लावलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "हे मी न्हाई केलेलं."

"तुम्हीच केलंय बाबा, कालचंच आहे."

"न्हाई. पेटी उशिरा यायलीय."

मी जुनी फाइल उघडून शेजारी लावली. गोलसर करताना ठिपके गेले होते ते नेमके वळणावरचे. ओळ संपायच्या आधी पेटी उठते ती जागा थोडीशी मागे सरकली होती. अगदी थोडीशी. मला सांगितल्यावरही ऐकू आली नाही, स्क्रीनवर मोजून कळली. त्यांना डोळे मिटून कळली होती. साथ करणारा माणूस गाणाऱ्याच्या श्वासाच्या आधी तयार असतो, आणि मी त्याला श्वासानंतर आणून बसवलं होतं, रेघ सुंदर दिसावी म्हणून. मी कंट्रोल-झेड दाबत राहिलो. करवत परत आली. बाबांना स्क्रीनवर ती रेघ दाखवली, थरथरीसकट. त्यांनी जवळ जाऊन पाहिली. "एवढा हालतो व्हय हात?" म्हणाले. मी म्हटलं, हो. "हालू दे."

नऊपैकी सहा अभंग त्यांनी असे केले. रोज एक, कारण त्याच्यावर हात दमतो. मी लॅपटॉपपाशी बसून फक्त फाइल सेव्ह करायचो. रबरी चेंडू ज्यांना नको होता ते बाबा रात्री जेवण झालं की स्वतःच बोटं धुवून, पुसून बसायचे. हात सुधारला वगैरे म्हणणार नाही, नाही सुधारला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, बोटं हलतायत ना, मग चालू ठेवा.

गेल्या रविवारी मंडळाला ऐकवलं. पेटीवाला पोरगा ऐकताना माझ्याकडे, मग बाबांकडे बघत होता. संपल्यावर म्हणाला, "काका, मी हे एवढं चांगलं कधी वाजवलं?" बाबा म्हणाले, "वाजवलंस तूच. आता भाता शिक." काल मी निघालो तेव्हा तो आमच्या ओसरीवर बसला होता. पेटीवरचं लुगडं बाजूला काढलेलं, पट्ट्यांवर त्याचा उजवा हात, आणि भात्यावर बाबांचा डावा. पेटीच्या दोन बाजूंना दोघं. आई म्हणाली, तीन दिवसांपासून हेच चाललंय, दळण तसंच पडलंय.

उरलेले तीन अभंग राहिलेत. आणि एक नवीच अडचण आलीय. हळदीला भाव आला, बाबांनी परवाच पोती विकली. मागची खोली रिकामी झाली आणि आता तिच्यात टाळी वाजवली तर तीनदा ऐकू येते. पुढच्या पिकापर्यंत थांबायचं की आणखी गोधड्या जमवायच्या, यावर आईची आणि बाबांची बोलणी सुरू आहेत. बहिणीचं म्हणणं वेगळंच, की टॅबलेटवर व्हिडिओ बघताना मध्ये तीन दोरे येतात, ते कधी काढणार. बाबांनी सांगितलंय, काढायचे नाहीत.

असो. आता बॅग उघडतो. मघापासून तिच्यातून हळदीचा वास येतोय.